‘शोध’ या शब्दाची संदिग्धता आणि गुरुत्वीय लहरी

मराठीत ‘शोध घेणे’ व ‘शोध लागणे’ या दोन भिन्न क्रिया एकाच नामाच्या आश्रयाने नांदतात. क्रियापद येताच अर्थ निश्चित होतो. तथापि ‘न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा शोध’ अशा क्रियापदहीन रचनेत प्रयत्न आणि सिद्धी यांतील भेद लोपतो. प्रस्तुत विषयात हा भेद केवळ शाब्दिक नव्हे.

या लहरी ‘ऐकल्या’ जातात, असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः त्या ओळखल्या जातात. अपेक्षित लहरींचे असंख्य नमुने गणिताने आधीच सिद्ध करून ते गोंगाटाने भरलेल्या नोंदींशी ताडले जातात. या पद्धतीच्या विकासात सत्यप्रकाश आणि पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांनी १९९१ साली केलेले कार्य महत्त्वाचे आहे. गलक्यातही परिचित भाषेतील शब्द उमगतो, अपरिचित भाषेतील निसटतो; तसेच येथे घडते. मग जे अपेक्षिले तेवढेच सापडते काय, हा आक्षेप उभा राहतो.

१७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेने त्यास उत्तर दिले. सुमारे १०० सेकंद चाललेला संकेत संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट टिपला. या साक्षीदारास लहरींच्या नमुन्यांची गरज नव्हती. पुढे सुमारे अकरा तासांनी, १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू आढळला. येथे ‘शोध लागला’ हा प्रयोग सर्वार्थाने यथार्थ होय.

२५ एप्रिल २०१९ च्या संकेताविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. सोबतचा प्रकाश सापडला नाही. दोन्ही पिंडांचे एकत्रित वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३.४ पट, एवढ्यावरून ते न्यूट्रॉन तारे मानले गेले. त्यांतील एखादे कृष्णविवर असण्याची शक्यता त्या संकेतानेच निर्विवादपणे फेटाळली जात नाही. लहर सापडली, ताऱ्यांचे स्वरूप अनुमानित राहिले. दोन्ही घटनांस एकच ‘शोध’ लावल्याने प्रमाणांची ही प्रतवारी पुसली जाते.

म्हणून प्रयत्नास ‘मागोवा’, नमुन्याशी जुळणीस ‘अभिज्ञान’ आणि स्वतंत्र साक्षीने झालेल्या सिद्धीस ‘निश्चिती’ म्हणणे श्रेयस्कर. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया वेधशाळेस २०२३ साली केंद्र शासनाची मान्यता मिळाली आहे. तेथील निष्कर्ष मराठीत लिहिले जातील तेव्हा काय पाहिले आणि काय मानले, हे भाषेनेच वेगळे दाखविले पाहिजे.