जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमातील सिद्धांत आणि इतिहास : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील वृत्तपत्रविद्येच्या महाविद्यालयीन शिक्षणाला आता सात दशकांची परंपरा लाभली आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये हा विभाग सुरू झाला. पुढे पुणे विद्यापीठाने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संज्ञापन व वृत्तपत्रविद्येचे अध्यापन रुजविले आणि या शतकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या बी.एम.एम. अभ्यासक्रमाने हा विषय पदवी स्तरावर अनेक महाविद्यालयांत नेला. विस्ताराच्या दृष्टीने ही वाटचाल समाधानकारक आहे. तथापि, या अभ्यासक्रमांच्या रचनेत सामान्यतः एक फट आढळते. 'संज्ञापनाचे सिद्धांत' ही एक अभ्यासपत्रिका असते आणि 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' ही दुसरी. पहिलीत पाश्चात्त्य प्रारूपे असतात, दुसरीत सनावळी असते. या दोहोंची भेट क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या फटीचा आणि तिच्या परिणामांचा विचार केला आहे.

सिद्धांत : उत्तरे आहेत, प्रश्न नाहीत

हॅरॉल्ड लासवेल यांचे १९४८ मधील सूत्र आणि त्याच वर्षी क्लॉड शॅनन यांनी मांडलेले प्रारूप विद्यार्थी पहिल्याच सत्रात पाठ करतो. परंतु लासवेल हे पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्राचे अभ्यासक होते आणि शॅनन यांच्यासमोरचा प्रश्न संदेशवहनाच्या अभियांत्रिकीचा होता, ही पार्श्वभूमी बहुधा मागे पडते. परिणामी, विशिष्ट प्रश्नाला दिलेले विशिष्ट उत्तर 'संज्ञापनाची व्याख्या' म्हणून वहीत उतरते.

'द्विस्तरीय प्रवाह' या सिद्धांताचीही हीच गत होते. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका परगण्यात मतदारांचा अभ्यास केला. माध्यमांतील विचार आधी मतनेत्यांकडे आणि त्यांच्यामार्फत इतरांकडे पोहोचतात, हे अनुमान त्यातून पुढे आले. एका परगण्यातील निरीक्षण जगभरच्या वर्गांत सिद्धांत म्हणून शिकविले जाते, याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र तसेच निरीक्षण मराठी खेड्यांत झाले असता त्याला सिद्धांताच्या पत्रिकेत स्थान का मिळू नये, हा प्रश्न रास्त ठरतो.

पुण्याचा प्रयोग :

१९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या कक्षेतील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोन वेळा, याप्रमाणे दहा आठवडे गावकऱ्यांचे गट कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी याचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे अशी तुलना त्यात होती. मंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ लक्षणीय आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती बरीच कमी होती. १९५९ पासून हा उपक्रम देशभर नेण्यात आला.

या प्रयोगाचा मूळ नमुना कॅनडाचा होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. म्हणजेच परकीय कल्पना घेणे हा दोष नव्हे. तेव्हाच्या अभ्यासकांनी ती कल्पना खेड्यात नेऊन तपासली. आजच्या वर्गात ती पाठ केली जाते. दोष असेल तर तो या फरकात आहे.

'मूकनायक'चा प्रश्न :

पुण्याच्या प्रयोगालाही प्रश्न विचारता येतात. मंडळात कोण बसले, कोण बाहेर राहिले, चर्चेत कोणाचा शब्द चालला? जातिबद्ध गावात मतनेता हा अनेकदा आधीच सत्ताधारी असतो, याची दखल द्विस्तरीय प्रवाहाचे सूत्र घेत नाही. ती घेण्याची दृष्टी मराठी वृत्तपत्रसृष्टीत त्याही आधी प्रकट झाली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या 'मूकनायक'ने पहिल्याच अंकात प्रचलित वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात, असा आक्षेप नोंदविला. ज्यांना माध्यमच उपलब्ध नाही, त्यांच्या बाबतीत 'कोण बोलतो' या प्रश्नाआधी 'कोणाला बोलता येत नाही' हा प्रश्न येतो. पत्राच्या नावातच ही मांडणी आहे. असे असता विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत 'मूकनायक' प्रारंभाची तारीख, संपादकाचे नाव आणि राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले २५०० रुपयांचे साहाय्य एवढ्यापुरतेच उरते. सिद्धांत म्हणून वाचण्याजोगा मजकूर टिपांच्या प्रश्नात संपतो.

आक्षेप आणि उत्तर :

हा अभ्यासक्रम व्यवसायाभिमुख असल्याने संकलन, छायाचित्रण व संगणकीय कौशल्ये अधिक मोलाची आहेत, असा आक्षेप घेतला जातो. कौशल्यांची गरज निर्विवाद आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराला गावाच्या व्हॉट्सअॅप गटात कोणाचा संदेश खरा मानला जातो आणि त्या गटात कोण नाही, हे ओळखता आले नाही, तर त्याची बातमी गावातील वजनदारांचीच बातमी होते. हे ओळखणे हेदेखील व्यावसायिक कौशल्यच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय ज्ञानपरंपरेवर भर दिल्यामुळे अभ्यासक्रमाच्या फेररचनेची संधी मिळाली आहे. मात्र नारदाला आद्य पत्रकार ठरविण्यासारखी जोड म्हणजे या संधीचा उपयोग नव्हे. त्याने पाठांतराचा विषय बदलेल, पाठांतर तसेच राहील.

निष्कर्ष :

सिद्धांत आणि इतिहास यांच्या पत्रिका वेगळ्या राहिल्या तरी त्यांचे अध्यापन परस्परांशी जोडता येते. ओहायोचा अभ्यास शिकविताना पुण्याचा प्रयोग शेजारी ठेवावा आणि दोहोंना 'मूकनायक'चा प्रश्न विचारावा. सत्राअखेरच्या प्रकल्पात विद्यार्थ्याने आपल्याच गावातील एखादा श्रोतागट, वाचनालय वा संदेशगट या दृष्टीने तपासावा. यासाठी नवी पदे वा नवी यंत्रे लागत नाहीत. प्रश्नपत्रिकेतील 'टिपा लिहा' हा प्रश्न मात्र बदलावा लागेल. मराठी समाजाचा अनुभव हा सिद्धांताचे केवळ उदाहरण नसून त्याची कसोटी होऊ शकतो, हे विद्यार्थ्याला प्रथम वर्गातच उमगले पाहिजे.