सुसंगत फोनॉनचे स्पष्टीकरण : एक चिकित्सा

बिस्मथच्या पातळ स्फटिकी थरावर काही फेम्टोसेकंदांचा लेसर स्पंद टाकला, की थरातील अणू एका तालात कंप पावू लागतात आणि परावर्तित प्रकाश सेकंदाला सुमारे २.९ लाख कोटी वेळा कमीजास्त होतो. याविषयी दुमत नाही. वाद आहे तो अणूंना गती कशी मिळते याविषयी.

१९९२ साली झायगर, इपेन, मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस प्रभृतींनी ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये मांडलेली उपपत्ती मोठी देखणी आहे. स्पंदामुळे इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात, परिणामी अणूंचे समतोलस्थानच सरकते आणि अणू नव्या स्थानाभोवती झुलू लागतात. झोपाळ्याला धक्का न देता त्याची कडीच बाजूला सरकवावी, तसे हे. पुरावा म्हणून त्यांनी दाखविले, की प्रयोगात केवळ पूर्ण सममित कंपन आढळते. रामन वर्णपटात ठळक दिसणारे दुसरे कंपन आढळत नाही.

आमच्या मते उपपत्तीची कच्ची बाजू हीच. न आढळणे म्हणजे नसणे नव्हे. १९९६ साली हासे व सहकाऱ्यांनी बिस्मथच्या थरांत, तर मर्लिन यांच्या गटाने अँटिमनीत ते दुसरे कंपनही नोंदविले. मर्लिन यांचा युक्तिवाद अधिक मूलगामी होता : समतोलस्थान सरकणे ही रामन प्रक्रियेहून निराळी यंत्रणा नसून, प्रकाश शोषणाऱ्या पदार्थातील तिचेच एक रूप आहे. फरक उरतो तो बल किती काळ टिकते एवढाच.

हा फरक कंपनाच्या कलेवरून ठरवावा, असे सांगितले जाते. येथे सावधगिरी हवी. बिस्मथमधील एका कंपनाचा काल सुमारे ३४० फेम्टोसेकंद. धक्का आणि सरकणे यांतील अंतर त्याच्या चतुर्थांशाचे, म्हणजे अवघे ८५ फेम्टोसेकंद. शून्यक्षण निश्चित करण्यात थोडी चूक झाली, तरी निष्कर्ष डळमळतो.

शिवाय परावर्तन ही अणूंच्या हालचालीची अप्रत्यक्ष साक्ष. या दृष्टीने सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या बिस्मथ थरांवरील २००३ व २००७ सालचे क्ष-किरण प्रयोग मोलाचे ठरतात. त्यांत अणूंचे विस्थापन थेट मोजता आले. २००७ च्या प्रयोगात तर उत्तेजित इलेक्ट्रॉनांची घनता वाढली की बंध शिथिल होतात, हेही दिसून आले. सरकलेल्या समतोलस्थानाला यातून भक्कम आधार मिळतो, पण दुसऱ्या, असममित कंपनाचे स्पष्टीकरण १९९२ च्या मूळ मांडणीत बसत नाही ते नाहीच.