स्तोत्रांतील विराम

'स्तोत्रसंहिते'च्या मराठी गद्य अनुवादांत अर्थ पोहोचतो, श्वास मात्र हरवतो. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार मठवासी १५० स्तोत्रे दर आठवड्यास म्हणत. मूळ हिब्रू ओळ बहुधा दोन खंडांची. दुसरा खंड पहिल्याचाच आशय वेगळ्या शब्दांत दृढ करतो. गायक समोरासमोरच्या दोन रांगांतून आळीपाळीने ओळी म्हणतात व दोन खंडांमध्ये क्षणभर थांबतात. प्रार्थना त्या विरामातच मुरते.

फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त (१६१६) योजिलेली ओवी कथनास शोभते. या द्विखंड रचनेस मात्र दोन चरणांचा लहान अभंग अधिक जवळचा. तथापि यमकाच्या आग्रहाने आशय वाकण्याचा धोका तेथे आहेच. म्हणून गद्य राखावे, पण विरामस्थान मोडू नये. स्तोत्राच्या अनुवादाची खरी कसोटी समूहाच्या मुखी लागते.