भाड्याचा किमोनो : एक वेषमीमांसा

क्योतो शहराच्या पूर्वेस यासाका देवस्थानापासून कियोमिझू मंदिराकडे चढत जाणाऱ्या निनेनझाका व सान्नेनझाका या दगडी वाटांवर किमोनो परिधान केलेल्या तरुण-तरुणींची नित्य गर्दी असते. यांपैकी पुष्कळांच्या अंगावरील वस्त्र सकाळी भाड्याने घेतलेले असते व सायंकाळी ते दुकानात परत करावयाचे असते. या प्रथेविषयी दोन मते वारंवार ऐकू येतात. एका मते हे निव्वळ सोंग होय. दुसऱ्या मते, परकीयाने हा वेष घेणे हा एका संस्कृतीच्या ठेव्याचा अपहार होय. दोन्ही मतांत वस्त्र ही कोणाच्या तरी मालकीची वस्तू आहे, एवढेच गृहीत धरलेले दिसते. परंतु मोराव्हियातील लोकवेषांचा अभ्यास करताना बोगातिरेव्ह यांनी १९३७ साली दाखवून दिले की, वेष ही एकाच वेळी वस्तूही असते आणि चिन्हही. भाड्याच्या किमोनोची परीक्षा चिन्ह म्हणून केली, तर निराळेच प्रश्न पुढे येतात.

प्रथम क्रियापदांकडे पाहणे उचित होईल. मराठीत लुगडे नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, पागोटे बांधतात. जपानीतही धडावर ल्यावयाच्या वस्त्रास ‘किरु’, कमरेखालच्या वस्त्रास व पादत्राणास ‘हाकु’, डोक्यावर घ्यावयाच्यास ‘काबुरु’ आणि ओबी या कंबरपट्ट्यास ‘शिमेरु’, म्हणजे आवळणे, अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. ‘किमोनो’ हा शब्द याच ‘किरु’पासून झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ल्यावयाची वस्तू’ एवढाच. आज ज्यास किमोनो म्हणतात त्या वस्त्राचे जुने नाव कोसोदे. मेइजी काळात, १८७२ साली, शासकीय समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख विहित झाला. विलायती वेषास ‘योफुकु’ हे नाव रूढ झाले व त्याच्या विरोधात देशी वेष ‘वाफुकु’ ठरला. जे पूर्वी केवळ ‘वस्त्र’ होते ते आता ‘जपानी वस्त्र’ झाले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अचिन्हित रूप चिन्हित बनले.

भाड्याच्या दुकानात मात्र ‘किरु’ हे क्रियापद पुरेसे पडत नाही. तेथे ‘किसेते मोराउ’ म्हणावे लागते. आपल्याकडील ‘नेसवून घेणे’ हा त्याचा जवळचा पर्याय. किमोनो सरळ पट्ट्यांचा असतो आणि त्याचा बेत अंगाच्या मापाने होत नाही. स्त्रीच्या उंचीनुसार जादा लांबी कमरेशी दुमडून घेतात; या दुमडीस ‘ओहाशोरी’ म्हणतात. निऱ्यांप्रमाणेच ती प्रत्येक वेळी नव्याने घालावी लागते, आणि ती घालता येणे हेच वेषाचे ज्ञान. ग्राहकास ते अवगत नसते, नेसविणारीस असते. म्हणजे चिन्ह एकाच्या अंगावर आणि त्याचे व्याकरण दुसऱ्याच्या हातात, अशी ही फारकत आहे.

ही फारकत परकीय प्रवाशांनी केली, असे मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मुलींनाच आईकडून हे ज्ञान मिळेनासे झाले, आणि १९६० नंतरच्या दशकात किमोनो नेसण्याचे शिक्षण देणाऱ्या शाळा निघाल्या. भाड्याची कल्पनाही नवी नाही. एदो काळात ‘सोन्र्योया’ नावाचे दुकानदार वस्त्रे, अंथरुणे, फार काय लंगोटही भाड्याने देत. ‘सोन्र्यो’ म्हणजे झिजेचा मोबदला. पुढे विवाहादी प्रसंगांसाठी ‘काशी-इशो’ आले आणि आता इंग्रजीवरून घेतलेला ‘रेन्तारु’ हा शब्द आला आहे. झीज, प्रसंग आणि हौस असा या तीन शब्दांचा क्रम मोठा बोलका आहे. २०१८च्या जानेवारीत प्रौढत्व-दिनी एका कंपनीने ऐन वेळी दुकाने बंद केली, तेव्हा अनेक जपानी तरुणींना आगाऊ पैसे भरूनही समारंभाचा किमोनो मिळाला नाही. त्या दिवसासाठी भाड्याच्या वस्त्रावर आणि नेसविणाऱ्या हातांवर किती घरे विसंबून आहेत, हे त्या वेळी दिसले.

खरी हानी भेदांची आहे. लोंबत्या बाह्यांचा ‘फुरिसोदे’ अविवाहितेचा. आखूड बाह्यांचा ‘तोमेसोदे’ विवाहितेचा. ऑक्टोबर ते मे अस्तराचे वस्त्र, जून व सप्टेंबरमध्ये बिनअस्तरी, भर उन्हाळ्यात विरविरीत. वय, नाते, ऋतू आणि प्रसंग या विरोधांवर ही रचना उभी होती. दुकानाच्या दांडीवरून रंग पाहून निवड होते तेव्हा यांतील बहुतेक विरोध विरून जातात. पॉलिएस्टरला ऋतू नसतो. आयती बांधलेली ओबी गाठीचा अर्थ सांगत नाही. एक नियम तेवढा अभंग राहिला आहे : डावा पदर उजव्यावर. इ. स. ७१९ च्या राजाज्ञेपासून चालत आलेला हा नियम चुकला तर वेष प्रेताचा होतो, म्हणून नेसविणारी तेथे तडजोड करीत नाही. मृत्यूची भीती व्याकरण टिकविते, हे येथे सहज लक्षात यावे.

अपहाराचा आक्षेप २०१५ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात गाजला. मोने यांच्या १८७६ च्या ‘ला जापोनेझ’ या चित्रातील झग्याची प्रतिकृती प्रेक्षकांनी अंगावर घ्यावी, असा तो उपक्रम होता. निषेध झाल्यावर ती केवळ हाताळण्यापुरती ठेवण्यात आली. तथापि, ती प्रतिकृती जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली होती आणि जपानमध्येही प्रेक्षकांनी ती अंगावर घेतली होती. त्यामुळे उपक्रमाच्या बाजूनेही किमोनो नेसून लोक तेथे आले. अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांच्या वाट्याला आलेली उपेक्षा खरी होती. तिचे ओझे एका वस्त्रावर लादल्याने त्या वस्त्राविषयीचा प्रश्न सुटला नाही. क्योतोतील दुकानदारास तर परकीय गिऱ्हाईक हवेच असते.

दरम्यान चिन्हाने नवा अर्थ धारण केला आहे. हिगाशियामाच्या वाटेवर किमोनो दिसला की तेथील रहिवासी ‘पाहुणा आला’ असेच वाचतो, मग तो पाहुणा ओसाकाचा असो की अन्य देशीचा. पाहुणे मात्र एकमेकांस क्योतोवासी समजून छायाचित्रे घेतात. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही भाषेस अनभिज्ञ असताना संभाषण चालावे, तसा हा प्रकार. जवळच्या गिओनमध्ये गेइको व माइको या कलावंतिणींचा पाठलाग इतका वाढला की २०२४ साली तेथील खासगी गल्ल्या प्रवाशांना बंद कराव्या लागल्या. ज्या वस्त्राचे व्याकरण तेथे अजून पूर्णांशाने चालते, ते पाहणाऱ्यास ओळखता येत नाही.

या व्यवहारात निशिजिनच्या विणकरास फारसे काही मिळत नाही, कारण दांडीवरचे बरेचसे कापड रेशमी नसते. नेसविणारीस मात्र रोज काम मिळते. सकाळच्या पहिल्या काही तासांत तिच्या हातून एकामागून एक ओहाशोरी घातल्या जातात, निरनिराळ्या उंचीच्या, निरनिराळ्या देशींच्या अंगांवर.