पदवी आणि घर : ‘अक्करमाशी’च्या निमित्ताने

श्रमिकाच्या मुलाला विद्यापीठ काय देते, याची गणना आपण उत्साहाने करतो. ते काय हिरावून घेते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात तो आहे, असे आम्हांस वाटते.

लेखकाचे हन्नूर अक्कलकोट तालुक्यातले. आमच्या कलबुर्गी जिल्ह्याच्या शेजारचे. हमाली करणारे दादा आणि आजी संतामाय यांच्या आश्रयाने वाढलेला हा मुलगा टेलिफोन ऑपरेटर झाला, पुढे पीएच.डी.पर्यंत पोहोचला. तोळा बारा माशांचा. अकरा भरले तर ते हिणकस. अनौरसाला दिल्या जाणाऱ्या या शिवीचे मूळ तेथे आहे. हे माप कोणी ठरविले, असे विचारण्याची वाणी शिक्षणाने लेखकास दिली. हा लाभ थोर होय.

परंतु निवेदनाची भाषा पाहावी. माणसे बोलीत बोलतात. त्यांच्याविषयी विचार करणारा ‘मी’ पुष्कळदा ग्रांथिक मराठीकडे वळतो. कोणी ही कलेतील उणीव मानील; आम्ही तिला पुरावा मानतो. ज्या वाणीने घराची बाजू मांडली गेली, ती त्या घरची नव्हती.

नोकरी करून पदवी मिळविलेले आमचे माजी विद्यार्थी भेटीस येतात, तेव्हा आमच्याशी शुद्ध मराठीत बोलतात आणि सोबतच्या आईशी आवाज खाली आणून. तो संकोच आम्हीच शिकविला. वर्षानुवर्षे त्यांची बोली आम्ही तांबड्या शाईने खोडीत आलो. हे पुस्तक मिटल्यावर ती लेखणी पूर्वीच्या निःशंकपणे उचलवत नाही.