नजर मोजणारी यंत्रे आणि बुद्धीचा अंदाज

स्मृतिभ्रंशाचा संशय आला की तपासणीची सुरुवात आजही बहुधा कागद-पेन्सिलीने होते. मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेली ३० गुणांची चाचणी जगभर रुळली. तीत तारीख सांगायची, सूचना वाचून पाळायची, एक वाक्य लिहायचे, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीचे गुण विस्मरणाने गेले की निरक्षरतेने, हे त्या आकड्यावरून कळत नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रे आणि आभासी वास्तवाचे हेडसेट यांच्याकडून अपेक्षा आहे ती इथेच: अक्षरे नकोत, बोलणे कमी, मेंदूचे काम थेट वागण्यातून दिसावे. ही अपेक्षा निम्मीच फळली आहे. एका नेमक्या मेंदूव्यापाराची परीक्षा घेताना ही साधने दमदार ठरतात. सरसकट 'बौद्धिक क्षमता' मोजण्याचा दावा मात्र पुराव्याच्या पुढे धावतो.

नजरेचा माग काढणे तांत्रिकदृष्ट्या आता अवघड राहिलेले नाही. डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकायचा आणि बाहुली व डोळ्याच्या पृष्ठभागावरची चकाकी यांच्यातील अंतरावरून नजरेची दिशा काढायची. पण दिशा कळली म्हणजे मन कळले असे नव्हे. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार रेपिनचे एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले, तेव्हा प्रत्येक प्रश्नागणिक नजरेची वाट बदलली. म्हणूनच प्रश्न काटेकोर असलेल्या चाचण्या टिकल्या. पडद्यावर ठिपका उमटताच त्याच्या उलट दिशेला पाहायचे, ही त्यांतली एक. ठिपक्याकडे धावणारी नजर आवरणे अल्झायमरच्या रुग्णांना अधिक जड जाते, असे अनेक अभ्यासांत आढळले. नजर-चाचणीची मर्यादा मात्र स्मृतिभ्रंशाबाहेरच्या एका उदाहरणात दिसते: लहान मुलांमधील स्वमग्नतेच्या निदानासाठी अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळालेल्या नजर-चाचणीने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७५ मुलांच्या अभ्यासात तज्ज्ञांनी स्वमग्न ठरवलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के मुले ओळखली. म्हणजे ती तज्ज्ञाच्या हाताशी उपयोगी आहे, त्याच्या जागी नाही.

आभासी वास्तवाची बाजूही तशीच आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सौम्य बौद्धिक घसरण असलेल्यांना हेडसेट लावून चालवले: खुणेपासून खुणेपर्यंत जायचे आणि मग अदृश्य झालेल्या पहिल्या खुणेच्या जागी परतायचे. हे काम अल्झायमर जिथे लवकर शिरतो त्या एन्टोरायनल भागाशी निगडित आहे. मेंदूभोवतीच्या द्रवात रोगाच्या खुणा सापडलेल्यांची चूक त्या न सापडलेल्यांपेक्षा मोठी निघाली, आणि हा फरक ओळखण्यात रूढ चाचण्या मागे पडल्या. अभ्यास लहान होता, पण प्रश्न मेंदूच्या रचनेतून आलेला असल्यामुळे उत्तराला अर्थ आला.

यावर कोणी म्हणेल की कोट्यवधी नोंदी गोळा केल्या तर यंत्र स्वतःच अर्थ शिकेल. होडीतून वाट शोधण्याच्या 'सी हीरो क्वेस्ट' या खेळाचा अनुभव इथे बोलका आहे. खेळणारे जगभरातून लाखोंनी मिळाले. पण २०२२ च्या विश्लेषणात दिसले की चौकटीच्या, सरळ रस्त्यांच्या शहरांत वाढलेली माणसे वाट शोधण्यात सरासरीने मागे होती. आभासी होडीतही बालपणीचे गाव माणसाबरोबर चढते. प्रचंड नोंदींमुळे हा प्रभाव दिसला, नाहीसा झाला नाही. दुसरा आक्षेप असा, की कागदी चाचण्या तर याहून पक्षपाती आहेत. खरे, पण त्यावरचा उपाय यंत्राआधीच सापडला होता. हरयाणातील बल्लभगडच्या अभ्यासासाठी १९९५ साली तयार झालेल्या फोल्स्टीन चाचणीच्या हिंदी आवृत्तीत वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाचे पाहून मिटायचे होते आणि लिहिण्याऐवजी घराविषयी काही बोलायचे होते. अडसर दूर झाला तो प्रश्न बदलल्याने.

भारतीय ज्येष्ठांसाठी तर यंत्राचे स्वतःचे अडसर आहेत. मोतीबिंदू, झुकलेल्या पापण्या आणि जाड भिंगांचा चष्मा यांनी नजरेची नोंद बिघडते. हेडसेटमुळे काहींना मळमळ होते. ज्याने कधी गेम खेळला नाही त्याचा गोंधळ विस्मरण म्हणून मोजला जाऊ शकतो. त्यामुळे खरेदीआधी विचारायचे प्रश्न स्पष्ट आहेत: चाचणी मेंदूचे नेमके कोणते काम तपासते, कोणत्या वयाच्या, शिक्षणाच्या आणि दृष्टीच्या माणसांवर तिचे प्रमाण बसवले, आणि महिन्याने तीच चाचणी घेतली तर तोच निकाल येतो का. ही उत्तरे दिलेली चाचणी कागदावरची असो की हेडसेटमधली, तिच्यावर विसंबता येईल. ती न देणाऱ्या यंत्राचा आकडा दशांश चिन्हाच्या कितीही पुढे गेला तरी रुग्णाच्या कागदपत्रांत त्याला निदानाची जागा देऊ नये.