मृताच्या चारित्र्याचा दाखला

रायन कूगलर हे नाव आपल्या घरांतील तरुण मंडळींना ‘ब्लॅक पँथर’मुळे ठाऊक आहे. त्या भव्य चित्रपटाच्या पाच वर्षे आधी, २०१३ साली, या दिग्दर्शकाने आपला पहिला चित्रपट थोडक्या पैशांत केला. ‘फ्रूटवेल स्टेशन’ हे त्याचे नाव. लांबी दीड तासाहूनही कमी. सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे व प्रेक्षकांचे अशी दोन्ही पारितोषिके त्याला लाभली. पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंविषयी अमेरिकेत पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रपटही बरेच निघाले आहेत. त्यांत आम्हांला सर्वाधिक हेलावून सोडले ते या चित्रपटाने, आणि सर्वाधिक अस्वस्थ केले तेही यानेच. त्या अस्वस्थतेचा थोडा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

घटना खरी आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहर, १ जानेवारी २००९ ची पहाट व्हायला अजून अवकाश होता. सॅन फ्रान्सिस्कोत नववर्षाचा जल्लोष करून परतणाऱ्या तरुणांची ‘बार्ट’ या उपनगरी रेल्वेत मारामारी झाली. फ्रूटवेल स्थानकावर रेल्वे पोलिसांनी काही तरुणांना फलाटावर उतरवून भिंतीशी बसविले. त्यांत बावीस वर्षांचा ऑस्कर ग्रँट हा कृष्णवर्णीय तरुण होता. त्याला पालथे पाडून हात मागे ओढले जात असतानाच एका गोऱ्या पोलिसाने पिस्तूल काढून त्याच्या पाठीत गोळी घातली. सकाळी इस्पितळात त्याचा प्राण गेला. डब्यातील प्रवाशांनी हा प्रकार आपापल्या मोबाइलवर टिपला होता. विजेचा झटका देऊन माणसाला क्षणभर लुळे करणारे ‘टेझर’ नावाचे हत्यार आपल्याला काढायचे होते, चुकून पिस्तूल हाती आले, असा त्या पोलिसाचा बचाव होता. २०१० साली ज्यूरीने त्याला हेतुविरहित मनुष्यवधाचा दोषी ठरविले. शिक्षा दोन वर्षांची झाली; सुमारे अकरा महिने भोगून तो सुटला.

कूगलर यांनी मोबाइलवरील ते खरे चित्रण आरंभीच दाखवून टाकले आहे. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांतच कळते. मग उरतो तो ३१ डिसेंबरचा दिवस. ऑस्करची नोकरी गेलेली आहे आणि ते त्याने घरी सांगितलेले नाही. चार वर्षांच्या मुलीला शाळेत पोहोचवायचे आहे. आईचा वाढदिवस आहे, तिच्यासाठी खेकडे न्यायचे आहेत. मायकेल बी. जॉर्डन या नटाने हा मुलगा असा उभा केला आहे की त्याच्या लाघवीपणाचा आणि तापटपणाचा एकाच वेळी विश्वास वाटावा. जुन्या मालकाकडे नोकरी परत मागताना त्याचा आवाज मृदू असतो. नकार येताच तो धमकीवर येतो. त्या दोन आवाजांमध्ये एका श्वासाचेही अंतर नाही.

चित्रपटाचा खरा आधार मात्र आई आहे. ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांनी ही भूमिका केली आहे. मागे घडलेल्या एका प्रसंगात ऑस्कर सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात आहे आणि आई त्याला भेटायला आली आहे. तेथे तो दुसऱ्या कैद्याशी भांडतो. यापुढे मी येथे येणार नाही, असे सांगून ती उठते. जाताना तो मिठी मागतो. ती देत नाही. चित्रपटाच्या अखेरीस इस्पितळात काचेपलीकडे मुलाचा देह आहे. आता ती मिठी मागते आणि तिला मिळत नाही, कारण त्या देहाचा तपास व्हायचा आहे. गाडी चालवू नकोस, रेल्वेने जा, असा सल्ला आदल्या रात्री तिनेच दिला होता, हे आठवून ती रडते. मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’मध्ये मरियेच्या मांडीवर निदान देह तरी आहे. या आईच्या वाट्याला काच आली. दोन नाकारलेल्या मिठ्यांमध्ये दिग्दर्शकाने एक संपूर्ण मातृत्व बसविले आहे, आणि त्यासाठी एकही मोठे वाक्य खर्च केलेले नाही.

एवढे झाल्यावर तक्रारीकडे वळू. त्या एका दिवसात ऑस्कर कितीतरी सत्कृत्ये करतो! गाडीखाली सापडलेल्या बेवारशी कुत्र्याला उचलून रस्त्याच्या कडेला आणतो, त्याच्या अखेरच्या श्वासापर्यंत जवळ बसतो. दुकानात मासे कसे तळावेत हे न कळणाऱ्या अनोळखी गोऱ्या तरुणीला आपल्या आजीशी फोनवर जोडून देतो. गर्भवती स्त्रीसाठी बंद दुकान उघडायला लावतो. विकण्यासाठी आणलेला गांजा समुद्रात ओततो. यांतील कुत्र्याचा प्रसंग कल्पित आहे, आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर अनेक समीक्षकांनी त्यावरच बोट ठेवले. आमचा आक्षेप कल्पिताला नाही; कलावंताला तो अधिकार आहे. हे सारे कशासाठी जमविले जात आहे, हा प्रश्न आहे. हा मुलगा सुधारत होता, मुका प्राणीही त्याला परका नव्हता, म्हणून त्याचे मरण अन्यायाचे, असा अर्थ नकळत तयार होतो. जणू न्यायालयात मृताच्या चारित्र्याचा दाखला सादर होत आहे. त्याने तो गांजा समुद्रात न ओतता विकला असता तर? पाठीतली गोळी तेवढीच चुकीची राहिली असती.

दाखला मागण्याची ही सवय फार खोल रुजलेली आहे. आपल्याकडील वर्तमानपत्रांतही चकमकीची बातमी आली की मृताच्या नावाआधी ‘सराईत’ हा शब्द छापलेला असतो, आणि तेवढ्यावर वाचक पान उलटतो. अमेरिकेतही अशा मृत्यूनंतर मृताचे जुने गुन्हे, जुनी छायाचित्रे दोन दिवसांत बाहेर येतात. कूगलर यांना या प्रचाराला उत्तर द्यायचे होते हे उघड आहे. परंतु उत्तर देताना त्यांनी प्रश्न तसाच मान्य केला. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. यरुशलेमहून यरीहोला निघालेला तो मनुष्य लुटारूंच्या हाती सापडला, घायाळ होऊन वाटेत पडला, एवढेच त्यात सांगितले आहे. तो सज्जन होता की लबाड, याविषयी एक अक्षर नाही. आम्हांला वाटते, कथाकार म्हणूनही प्रभूने तेथे जे गाळले ते फार मोठे आहे.

असे गाळण्याचे धाडस चित्रपटात कोणी केले असेल तर ते स्पाइक ली यांनी, कूगलर यांच्याआधी चोवीस वर्षे. ‘डू द राइट थिंग’ हा त्यांचा चित्रपट १९८९ चा. ब्रुकलिनमधील एक वस्ती, वर्षातील सर्वांत कडक उन्हाळ्याचा दिवस, आणि रेडिओ रहीम नावाचा धिप्पाड तरुण. खांद्यावर भलामोठा टेपरेकॉर्डर, त्यावर सदासर्वदा एकच गाणे, कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात. खरे सांगायचे तर हा इसम आपल्या शेजारी राहावा असे कोणालाच वाटणार नाही! इटालियन पिझ्झावाला सॅल रागाच्या भरात त्याचा टेपरेकॉर्डर बॅटने फोडतो, रहीम त्याचा गळा धरतो, पोलीस येतात आणि दंडुक्याने रहीमचा गळा आवळतात. पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. ली यांनी रहीमला एकही कुत्रा वाचवू दिलेला नाही. त्यानंतर मूकी नावाचा नोकर कचऱ्याचे पिंप फेकून पिझ्झाच्या दुकानाची काच फोडतो. मूकीने हे योग्य केले का, असे गोरे प्रेक्षक आपल्याला विचारत राहिले, कृष्णवर्णीय प्रेक्षकाने कधी विचारले नाही, असे ली यांनी वारंवार सांगितले आहे. काचेचा हिशेब मागितला गेला, गळ्याचा नाही. प्रेक्षकाची अशी परीक्षा ‘फ्रूटवेल स्टेशन’ घेत नाही. तो प्रेक्षकाला हळूच जवळ घेतो.

तरीही कूगलर यांनी एक गोष्ट साधली आहे, आणि तिचे मोल कळण्यासाठी थोडे कायद्याकडे पाहिले पाहिजे. ज्या १९८९ साली ली यांचा चित्रपट आला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर’ हा निकाल दिला. ग्रॅहॅम हे मधुमेही कृष्णवर्णीय गृहस्थ. रक्तातील साखर उतरू लागली म्हणून ते संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरले, रांग पाहून लगबगीने बाहेर आले, आणि या लगबगीचाच एका पोलिसाला संशय आला. पुढच्या झटापटीत त्यांचा पाय मोडला. पोलिसाने वापरलेले बळ वाजवी होते की नाही, हे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने पाहावे, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. नियम वरवर रास्त आहे. क्षणार्धात निर्णय घेणाऱ्यावर आरामखुर्चीतून न्याय करू नये, हे कोणीही मान्य करील. पण त्याचा परिणाम असा की ज्यूरीची खुर्ची कायमची पोलिसाच्या डोळ्यांमागे मांडली गेली. कूगलर यांनी तीच खुर्ची उचलून भिंतीशी बसविलेल्या मुलांच्या रांगेत ठेवली. फलाटावरील त्या पंधरा मिनिटांत प्रेक्षक बहुधा जमिनीच्या पातळीवरून वर पाहत असतो. बूट मोठे दिसतात, चेहरे दूर.

आणि येथेच चित्रपटाची दुसरी, आमच्या मते अधिक गंभीर, उणीव आहे. पोलिसाच्या डोळ्यांमागे बसण्याचे त्याने नाकारले हे ठीक. पण ते डोळे घडविले कोणी, हेही विचारले नाही. टेझरचा सारा विषय शेवटच्या पाटीवर दोन ओळींत संपतो. वस्तुतः नाटक तेथे होते. ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या पोलीस अधिकाऱ्यांच्याच संस्थेने २०१५ साली अमेरिकेतील पोलीस दलांची पाहणी केली. नव्या शिपायाला गोळीबाराचे शिक्षण सर्वसाधारणपणे ५८ तास मिळत होते. बोलून, धीर धरून प्रसंग निवळविण्याचे ८ तास. यावर खासगी शिकवण्या वेगळ्या. डेव्ह ग्रॉसमन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने लोकप्रिय केलेल्या एका रूपकात समाज म्हणजे मेंढरे, गुन्हेगार म्हणजे लांडगे आणि पोलीस म्हणजे राखणीचा कुत्रा. मेंढरांचे रूपक आपल्याला परके नाही, म्हणून त्यातील त्रुटी चटकन लक्षात येते. या कळपाला मेंढपाळ नाही. कुत्र्याने लांडगा शोधायचा, आणि लांडगा कसा दिसतो हे त्याने समाजाच्या जुन्या भयांतून शिकायचे. त्या देशात ती भये कोणत्या रंगाची आहेत हे निराळे सांगायला नको. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ पासून २०२४ अखेरपर्यंत अशा गोळीबारांची नोंद ठेवली, वर्षाला सुमारे हजार माणसे मृत्यू पावत होती, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता.

मिनेसोटा राज्यातील फिलँडो कॅस्टिल यांनी २०१६ साली गाडी अडविणाऱ्या पोलिसाला, आपल्याजवळ परवान्याचे पिस्तूल आहे, असे स्वतःहून सांगितले. त्याने सात गोळ्या झाडल्या. मागच्या आसनावर चार वर्षांची मुलगी होती. या पोलिसाने दोन वर्षांपूर्वी ‘बुलेटप्रूफ वॉरियर’ नावाच्या शिकवणीला हजेरी लावली होती. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. शेजारच्या मिनिॲपोलिसच्या महापौरांनी २०१९ साली अशा शिकवण्यांवर बंदी घातली, आणि २५ मे २०२० रोजी त्याच शहरात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा राहिला. डेरेक शॉविन हा केवळ शिपाई नव्हता. नवशिक्यांना रस्त्यावर शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या दिवशी त्याच्यासमवेत कामाच्या पहिल्याच आठवड्यातील दोघे होते. त्यांतील एक स्वतः कृष्णवर्णीय. दुसऱ्याने, यांना कुशीवर वळवू या का, असे विचारलेही. शॉविनने नाही म्हटले आणि दोघेही थांबले. शिक्षण कशाला म्हणतात हे त्या नऊ मिनिटांत पाहायला मिळते.

कागदी बंदीचे आणखी एक उदाहरण न्यूयॉर्कचे. तेथील पोलिसांना गळा आवळण्यास १९९३ पासून मनाई आहे. २०१४ साली एरिक गार्नर याच प्रकारे गेले, तेव्हा ली यांनी त्या खऱ्या चित्रणात आपल्या रहीमचा मृत्यू मिसळून एक छोटी चित्रफीत केली. पंचवीस वर्षांपूर्वीचा अभिनय आणि ताजे वास्तव यांत सांधा शोधूनही सापडत नाही.

आणि ऑस्करच्या मृत्यूची अगदी तंतोतंत पुनरावृत्तीही झाली. ११ एप्रिल २०२१ रोजी मिनिॲपोलिसजवळच्या ब्रुकलिन सेंटरमध्ये डॉन्टे राइट हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलीस स्त्रीच्या गोळीने ठार झाला. ‘टेझर, टेझर’ असे ओरडत तिने पिस्तूल झाडले. पिस्तूल उजवीकडे, पिवळे टेझर डावीकडे, अशी रचना असताना. तिची नोकरी २६ वर्षांची होती आणि तीही इतरांना शिकवीत असे. तिलाही दोनच वर्षांची शिक्षा झाली. ‘फ्रूटवेल स्टेशन’ आज पाहताना हा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही, आणि शेवटच्या पाटीवरील त्या दोन ओळी फारच तोकड्या वाटतात.

पाट्यांनंतर मात्र चित्रपटात आणखी काही क्षण आहेत. १ जानेवारी २०१३ रोजी फ्रूटवेल स्थानकाबाहेर लोक जमले होते, त्याचे ते खरे चित्रण. गर्दीत ऑस्करची खरी मुलगी उभी आहे, चार वर्षांनी मोठी झालेली. ती काही बोलत नाही. कॅमेरा तिच्याकडे थोडा वेळ पाहतो आणि चित्रपट संपतो. कुत्र्याचा प्रसंग गाळून कूगलर यांनी येथे आणखी मिनिटभर थांबायला हवे होते.